कोठीतला पालथा डबा

अण्णा, तुमच्या दहाव्याला मी घोटाळा केला.

नदीवर सगळी जमली होती. नैवेद्य मांडून झाला होता, कावळा येत नव्हता, आणि नुसतं उभं राहून लोक अवघडले होते. तेव्हा तुमच्या गावच्या मंडळींनी माझ्या हातात माईक दिला. "सांगलीचं पाव्हणं चांगलं बोलत्यात. तवर दोन शब्द बोला." मी बोललो. दोनाचे किती झाले ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी श्रद्धांजली वाहिली, मान खाली घातली. आणि नात्यातल्या लग्नांत वर्षानुवर्षं माईक धरून जिभेला जे वळण पडलंय, त्या वळणाने ती आपली आपण पुढे गेली : "आणि सर्व पाहुणे मंडळींना नम्र विनंती, भोजनाचा आस्वाद घेतल्याशिवाय कुणीही जाऊ नये."

स्पीकरवाल्याने माईक बंद केला, पण उशिरा. मागून एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता, "जेवान हाय व्हय रं?"

"न्हाई वो. त्येंचं आपलं तसंच असतंय."

आता अशा वेळी मी कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे. पाय वळलेसुद्धा. दोन पावलं गेलो आणि मग लक्षात आलं, ज्यांच्याकडे निघालोय त्यांचाच हा दहावा आहे.

माझ्या आधी गावातले एक पुढारी बोलून गेले. म्हणाले, अण्णा म्हणजे सदैव माणसांत रमणारं, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. तुम्ही असतात तर तेवढ्यावर उठून मोटारसायकलीला किक मारली असतीत. माणसांत रमणारे! तुम्हाला माणसं आवडायची, हे खरं. पण ती एका वेळी एक, फार तर दीड. दीड म्हणजे लहान मूल कडेवर असलेली बाई.

आपण साडू. एका घरच्या दोन बहिणी केल्या, थोरल्या ताई तुम्ही आणि धाकटी शोभा मी, एवढंच आपलं नातं. तुम्ही कोरेगावकडचे, फौजेतून येऊन ऊस लावणारे. मी सांगलीच्या विश्रामबागेत कॉलेजच्या ऑफिसात बसून बोलणारा. सासुरवाडी मधोमध, कराडला. तिथे कुठलंही कार्य निघालं की तुम्ही उत्तरेकडून यायचात, मी दक्षिणेकडून. तुम्ही सगळ्यांच्या आधी, मी मांडव भरल्यावर. रिकाम्या मांडवात मला करमायचं नाही आणि भरलेल्यात तुम्हाला.

मेहुण्याच्या लग्नात हे पहिल्यांदा उघडकीला आलं. तुम्ही थोरले जावई. तुम्हाला फेटा बांधून स्टेजवर बसवायचं, हा मान. मी माईकवरून तुमचं नाव पुकारलं. परत पुकारलं. तिसऱ्यांदा "फौजी साहेब, जिथे असाल तिथून" अशी सुरुवात केली, तेव्हा लोक खुर्च्यांखाली बघायला लागले. सासरे, म्हणजे आपले मामा, लाल होऊन मांडवभर फिरत होते. शेवटी तुम्ही कोठीत सापडलात. लग्नघरातली सामानाची ती कुलपाची खोली. बुंदीच्या पराती, साखरेचं पोतं, तेलाचे डबे, पत्रावळ्यांचे गठ्ठे, आणि त्यात भिंतीला पाठ लावून तुम्ही. फेटा शेजारी नारळांच्या ढिगावर ठेवलेला. त्याला तुमच्यापेक्षा जास्त मान मिळत होता.

"आवं जावई," मामा म्हणाले, "तुम्ही कोठीत? लोक म्हणतील, थोरल्या जावयाला कामाला लावलं."

"मामा, भाईर बसवलं तर मी तुमच्या कायबी उपयोगाचा न्हाई," तुम्ही म्हणालात. "हितं हाय."

तेवढ्यात एक वाढपी आला आणि बुंदीची भरली परात उचलायला लागला. तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "आदी रिकामी आण." तो गेला आणि मुकाट्याने रिकामी परात घेऊन आला. मामांनी ते बघितलं. फौजेत तुम्ही स्टोअर सांभाळायचात हे त्यांना माहीत होतं, पण पटलं ते त्या दिवशी. जाताना त्यांनी कोठीची किल्ली तुमच्या हातात ठेवली. त्यानंतर नात्यात कुणाचंही लग्न असो, कोठी म्हणजे अण्णा हे ठरूनच गेलं. स्टेजवरच्या मानाची खुर्ची रिकामी राहायची आणि तिच्यावर कुणाचं तरी पोर झोपवलेलं असायचं.

तुमची पद्धत मी पुढे बारकाईनं बघितली. पहाटेच यायचं. म्हातारी माणसं अंघोळी करून बसलेली असायची, त्यांच्याकडे एक फेरी. प्रत्येकाशी वाकून, दोन वाक्यं. "बरं हाय न्हवं? गुडघा काय म्हंतोय?" त्या दोन वाक्यांत काही हातचं राखलेलं नसायचं. मामांच्या एक आत्या होत्या, मांडवभर लोक त्यांच्या पाया पडायचे, पण त्या मला विचारायच्या, "फौजी येऊन गेला का रं? त्यो ऐकून घेतो." मी त्यांच्याशी अर्धा तास बोललेला असायचो. फेरी झाली की तुम्ही कोठीत. आणि शेवटच्या पंगतीआधी, ताईंना तेवढं सांगून, मोटारसायकलीवरून गडप.

लोक नावं ठेवायचे. फौजी अकडू आहे म्हणायचे, माणूसघाणा म्हणायचे. मी तुमची बाजू घ्यायचो. मोठ्या मनाने म्हणायचो, "आमचे साडू जरा एकलकोंडे आहेत, सांभाळून घ्या." हे तुमच्या कानावर गेलं असावं, कारण एकदा तुम्हीच विषय काढलात.

"पाव्हणं, आमच्याकडं शेताची लाईट कशी येती म्हाईत हाय का?"

"रात्रीची येते आणि तुम्ही शिव्या देता."

"त्ये झालंच. थ्री फेज ठरल्या येळंपुरती असती. तवर मोटार चालवायची, पाणी पाजायचं, भिजंल तेवढं रान भिजवायचं. मग सिंगल फेज. दिवा लागतो, पंखा फिरतो, मोटार न्हाई उठत. जबरदस्ती उठवाय गेलं की जळती. माझं त्येच हाय. माणसं मला नको न्हाईत. सकाळच्या थ्री फेजमधी सगळ्यांस्नी भेटून घेतो. मग दिवा लावून बसतो."

मी हे त्याच दिवशी मांडवात चार जणांना सांगून हशा मिळवला. तुम्ही एवढं जपून बोलायचात आणि मी ते लगेच वाटून टाकायचो.

लग्नात दुपार व्हायला आली की शोभा यायची, माझी बाही ओढायची. "जरा दाजींकडे बघून या. चहा पोचलाय का बघा." मी विनोदाच्या मध्यावर असायचो, श्रोते जमलेले असायचे, पण म्हटलं बायको आहे, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची काळजी वाटणारच. मी चहाचा कप घेऊन कोठीचं दार वाजवायचो. तुम्ही कडी काढायचात. चहा नको म्हणायचात, तो मीच प्यायचो. तेलाचा एक रिकामा डबा पालथा पडलेला असायचा, वर पोतं दुमडलेलं. त्यावर मी बसायचो. मांडवात काय काय झालं ते थोडं सांगायचो, तुम्ही हुं हुं करायचात. मग माझंही बोलणं विरत जायचं. बाहेर सनई आणि भांडी आणि पोरांचा कालवा, आत तुपाचा आणि पत्रावळ्यांचा वास. मी डोळे मिटून भिंतीला टेकायचो. अर्ध्या तासाने उठून बाहेर यायचो तेव्हा जीभ पुन्हा धारदार झालेली असायची. मनात म्हणायचो, चला, बिचाऱ्याला तेवढीच सोबत झाली.

मग केटरर आले. ताटं त्यांची, वाढपी त्यांचे, बुंदी कुठून येते आणि कुठे जाते त्यांचं त्यांना ठाऊक. कोठी गेली. माझ्या पुतण्याच्या लग्नात तुम्ही लॉनवर उभे होतात, हातात प्लेट घेऊन, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी नवीन माणूस येऊन "काय फौजी, ओळखलं का?" म्हणत होता. उसाला तुरा येऊन तो वाळायला लागतो तसे तुम्ही दिसत होतात. पुढच्या कार्याला आलाच नाहीत. ताई एकट्या आल्या.

म्हणून आमच्या लेकीच्या लग्नाला मी सांगलीत कार्यालय ठरवलं तेव्हा मॅनेजरला म्हटलं, "एक खोली पाहिजे. कुलूप लागणारी."

"वधूपक्षाला दोन आहेत की साहेब."

"त्या नव्हेत. वेगळी. कोठीला."

"पण सगळं सामान आमचं असतं. तुम्ही त्यात ठेवणार काय?"

"आमचे साडू," मी म्हटलं.

खोली मिळाली. जिन्याखालची, एक खिडकी असलेली. ओटीचे नारळ, ब्लाउजपीसचा गठ्ठा आणि टॉवेल-टोप्या मी मुद्दाम तिथे टाकल्या, कारण सांभाळायला काहीच नसेल तर तुम्ही बसणार नाही हे मला माहीत होतं. किल्ली तुमच्या हातात दिली. तुम्ही ती नुसती बघितलीत, मग खिशात टाकून वरून रुमाल ठेवलात, तुमच्या नेहमीच्या सवयीनं. "बुंदी न्हाई व्हय?" एवढंच म्हणालात. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ही वरच्या नंबरची.

आपलं शेवटचं भांडण त्याच खोलीतलं. शोभाने मला पाठवलं होतं, नेहमीसारखंच, चहा घेऊन. मी आत आलो, बसलो, डोळे मिटले.

"पाव्हणं, तुमी बी आमच्यातलंच," तुम्ही म्हणालात.

"कुणातला?"

"सिंगल फेजवाल्यातलं."

मी डोळे उघडून हसलो. "अण्णा, मी माईकवाला माणूस. मला माणसं लागतात."

"लागत्यात की. म्हणून मोटार जळायची थांबत न्हाई."

"मी कधी दमलेला दिसलोय तुम्हाला?"

"मग हितं येऊन डोळं कशापायी मिटता?"

"तुम्हाला सोबत म्हणून!"

तुम्ही माझ्याकडे वळलात. काहीतरी बोलणार होतात. ओठ हललेले मी बघितलेत. तेवढ्यात फोटोवाला दार बडवायला लागला, "वधूपिता कुठंयत? फॅमिली फोटो राहिलाय!" मी उठलो. म्हटलं, "राहू द्या, पुढच्या लग्नात भांडू."

"व्हय, भांडू," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या मागे कडी लावून घेतलीत.

पुढचं लग्न काही आलं नाही. आला तो ताईंचा फोन.

मी रजा टाकून तुमच्या गावी येऊन राहिलो. भेटायला येणाऱ्यांशी बोलायला कुणीतरी हवं होतं. ताई बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या, तुमचा मुलगा तुमच्यासारखाच. तो येणाऱ्याला पाण्याचा तांब्या देऊन गोठ्याकडे निघून जायचा. मग मी. ओसरीवर सतरंजी टाकलेली, माणसं यायची, टेकायची, घसा खाकरून विचारायची, "कसं झालं वो?" आणि मी सांगायचो. सकाळी रानातून आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं, पाणी येईस्तोवर... पहिल्यांदा सांगताना मला बोलवत नव्हतं. मग बोलवायला लागलं. मग, अण्णा, ते चांगलं जमायला लागलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, पाण्याचा तांब्या कुठल्या वाक्याला आणायचा. एक बाई हुंदका देऊन रडली तेव्हा मला आतून समाधान वाटलं, आणि ते समाधान माझं मलाच ओळखू आलं.

मी उठलो. कुणाला काही न सांगता मागच्या दारी गेलो आणि तुमच्या खताच्या खोलीत शिरून दार लोटून घेतलं. युरियाच्या पोत्यावर बसलो. तिथे तुमचा रानातला सदरा खुंटीला होता, खालच्या अंगाला उसाच्या पानांनी ओरखडलेला. तुमच्या घरात, तुमच्या माणसांपासून लपून, तुमच्या मरणाच्या गोष्टीपासून जरा सुटका म्हणून मी बसलो होतो. हळूहळू श्वास खाली आला. डोळे मिटले. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, बंद दाराच्या आतली ही अशी घटका माणसाला काय देते.

ते कळलं आणि पाठोपाठ दुसरं मनात आलं. तेवढ्यात कुणी कप घेऊन दार वाजवलं असतं तर? आत येऊन, समोर बसून, मांडवातल्या गमती सांगायला लागलं असतं तर? मी तर त्याला हाकलून दिलं असतं. तुम्ही कधी हाकललं नाहीत. प्रत्येक वेळी कडी काढलीत. सोबत द्यायला म्हणून मी येत होतो आणि तुमची पोटापुरती साठवलेली शांतता अर्धा अर्धा तास खाऊन जात होतो, असंच असेल का हे? फोटोवाला आला नसता तर हेच बोलणार होतात का तुम्ही? "सोबत नको, पाव्हणं"?

बाकीचं सगळं सोसलं असतं. हे एक विचारायचं राहिलं, आणि ते घेऊन मी घाटावर उभा होतो. जीभ घसरली ती त्यातूनच.

घाटावरचं पुढचं सांगतो. कावळा पलीकडच्या बाभळीवर बसलेला दिसत होता, पण खाली येत नव्हता. लोक पुढे होऊन एकेक वचन देत होते. पोराला सांभाळू. ताईंना काही कमी पडू देणार नाही. तुमच्या चुलतभावाने तर बांधाचा जुना वाद सोडून दिला, ते ऐकून मलाच कावळा व्हावंसं वाटलं. तरी नाही. सगळे नैवेद्याभोवती आणखी दाटले.

मग ताई उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.

"मागं सरा सगळी. लई जवळ उभं ऱ्हायलाय. त्यांस्नी गर्दी सोसत न्हाई."

माणसं मागे सरली. आणखी सरा, म्हणाल्या. पार चढापर्यंत सगळी गेली. मधे नुसती वाळू आणि नैवेद्याचं पान. कावळा उतरला, इकडे तिकडे बघितलं, आणि घाई न करता शिवला. बायका रडायला लागल्या. मीही सगळ्यांबरोबर मागे सरलो होतो, आणि ताईंचं ते वाक्य सगळ्या घाटाला असलं तरी मला ते माझ्या एकट्याच्या नावाने ऐकू आलं होतं.

परतताना गाडीत शोभा शेजारी होती. तिचे दाजी होते तुम्ही; लग्न होऊन ताई गेल्या तेव्हा शाळेत जाणाऱ्या या पोरीला तुम्ही फौजेतून येताना दरवेळी बिस्किटांचा पुडा आणायचात, हे तिने मला कितीदा सांगितलंय. कराड ओलांडून हायवेला चहाला थांबलो. टपरीच्या बाकड्यावर बसलो आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. खताची खोली, कडी, राहिलेलं भांडण. म्हटलं, "शोभा, मी आयुष्यभर त्या माणसाची विश्रांती मोडत आलो बघ."

ती कपाकडे बघत होती. "तुम्हाला कोठीत पाठवायचं कोण?"

"तूच की. दाजींना चहा पोचला का बघा म्हणून."

"दाजी चहा प्यायचे का?"

अण्णा, फौजेतून आल्यापासून तुम्ही चहा सोडलेला, हे मला माहीत होतं. "लग्नाकार्यात एखाद्या वेळी लागतो असं वाटलं मला," मी म्हटलं.

"भावाच्या लग्नानंतर त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणाले, शोभा, पाव्हण्यांचा त्योच विनोद दुसऱ्यांदा सुरू झाला की त्यांना हिकडं लावून देत जा. पण मला चहा द्याय म्हणून सांग. त्यांच्याच इसाव्यासाठी म्हणालीस तर यायचं न्हाईत." तिने पदराने डोळे पुसले. "कोठीत शिरले की आधी तुमचा डबा पालथा घालायचे. पोतं दुमडून ठेवायचे. मग बाकीचं सामान लावायला घ्यायचे. मी बघितलंय."

माझा चहा प्यायचा राहिला.

शोभाने माझ्या हातातला गार झालेला कप काढून घेतला.

"आज घाटावर तुमचं ते भोजनाचा आस्वाद ऐकलं ना, तेव्हाच कळलं मला, तुम्ही दमलात. बाही ओढायला हात उचललासुद्धा मी," ती म्हणाली. "मग म्हटलं, पण आता पाठवू कुठं?"